आत्यांनी घासलेला कार्बोरेटर

आबांनी बारामतीहून कार्बोरेटर आणला तेव्हा मी भाकरी थापत होते. त्यांनी तो पिशवीतून काढला, चुलीपासून जरा लांब पाटावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, घावला बगा." मी मान वर करून पाहिलं, 'बरं' म्हणाले आणि भाकरी उलटली. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे. भिगवण स्टेशनात रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर डाळजला आपल्या घरी येऊन बसले. त्यांचा एकुलता एक मुलगा माझा नवरा. आदल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. सांगायला एवढंच आहे. पण भेटायला येणाऱ्यांना यापेक्षा जास्त हवं असायचं. कधी लक्षात आलं, डोळे कधी पिवळे झाले, शेवटी काय बोलला. मी चहा करायला उठायचे, ते पिऊन जायचे, आणि कपबशा विसळताना माझ्या मनात यायचं की यांतल्या एकाने तरी कप उचलून मोरीत ठेवला असता. राग तेवढा शाबूत होता. बाकी आत सगळं बधिर होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

रडू मात्र आलं नाही. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांढरे कपडे घालून आले, त्याच्याबद्दल चांगलं बोलले, जेवले, गेले. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकीनं तर दुसरीला मलाही ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "हिला काई न्हाय व्हय?" काही नव्हतंच. खोटं काय सांगू?

त्याची स्कूटर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. माझी शाळा हायवेपासून आत, आडगावी. तो मला रोज सोडायचा आणि मग आपल्या कामावर जायचा. तो गेल्यावर मी एस्टीनं जायला लागले. एस्टी हायवेला सोडायची, तिथून पुढं मिळेल ती जीप, ट्रॅक्टर, नाहीतर पाय. रोज उशीर. हेडमास्तरांनी आधी सांभाळून घेतलं, मग तोंडी समज दिली, मग त्यांचाही नाइलाज झाला.

तेव्हा कोऱ्हाळ्याहून माझा भाऊ आला. दादाला सगळ्याची घाई. उसाला पाणी सोडावं तसं तो प्रत्येक गोष्टीला बांध फोडून वाट करून देतो. त्यानं माझ्या बदलीचा अर्ज टाइप करूनच आणला होता. बारामती तालुक्यात, माहेराजवळ. "सही कर आन इंदापूरला ऑफिसात देऊन टाक. पुढचं मी बगतो," तो म्हणाला. आबा आणि आत्या समोरच बसले होते; सासूला आमच्यात आत्या म्हणतात. दादानं त्यांच्यासमोरच सांगितलं, "मूल न्हाय, बाळ न्हाय. हितं ऱ्हाऊन ही करनार काय?" यात चुकीचं काही नव्हतं. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आबांनी जमिनीकडं बघत म्हटलं, "अर्ज दे की. फकस्त गाडी चालू होईस्तवर थांब."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "थांबते." मला थांबणं आणि जाणं सारखंच होतं, आणि त्यातल्या त्यात थांबायला कमी हालचाल लागत होती.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा डाव साधा आहे. गाडी चालू झाली की सून शाळेला वेळेवर जाईल, मग बदली कशाला, मग घरात चूल पेटती राहील. मनात म्हटलं, खेळा. गाडी मला चालवता येत होती. लग्नानंतर त्यानंच शिकवली होती, भिगवणच्या पुढं, जिथं धरणाचं पाणी उतरल्यावर जमीन सपाट उघडी पडते तिथं. एकदा मी गाडीसकट चिखलात बसले आणि मासे विकायला निघालेले लोक थांबून हसले होते. पण तो मागं बसलेला असायचा. एकटीनं कधी चालवली नव्हती.

खरं तर जुना कार्बोरेटरही वाईट नव्हता. गाडी बरेच महिने उभी राहिल्यावर सुरू होईना, म्हणून आबांचा एक पुतण्या आला. उंटावरचा शहाणा. त्यानं कार्बोरेटर उघडला, पुन्हा बसवताना नट इतका आवळला की इंजिनाला धरून ठेवणारा कानच तुटून हातात आला. "कंपनीचा मालच हलका," असं म्हणून तो हात धुऊन जेवायला बसला. मी त्याला वाढलं. आबांनी तो तुटका कान खिशात घातला आणि आठवडाभर कुठंही जाताना खिशात ठेवला. मग बारामतीला जाऊन भंगारवाल्याकडच्या ढिगात त्याच गाडीचा कार्बोरेटर हुडकला.

तो काळाकुट्ट होता. आत पेट्रोल वाळून चिकट राळेसारखं बसलेलं. हवा जायच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. ते आबांनी काडीनं फोडलं तेव्हा आतून वाळक्या अळ्या पडल्या. "कुनीतरी हुतं म्हना आत ऱ्हायला," आबा म्हणाले. मी हसायला हवं होतं बहुतेक.

आबांना रुळांतलं कळत होतं, गाडीतलं काही कळत नव्हतं. पण रेल्वेनं त्यांना एक सवय लावली होती. आधीचं पुरं झाल्याशिवाय पुढचं हलवायचं नाही. त्यांनी सोप्यात जुनी चादर अंथरली. जो भाग सुटेल तो एका ओळीत मांडायचा, आधी निघालेला आधी, नंतरचा नंतर. बसवताना उलटीकडून सुरुवात. वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, सुई, स्क्रू, स्प्रिंगा, आणि पितळेचे ते बारीक जेट, ज्यांच्या मधल्या भोकातून पेट्रोल जातं. "हितल्या येकालाबी हात लावायचा न्हाय," त्यांनी घरात जाहीर केलं. घरात आम्ही तिघं. मी लावणार नव्हते. आत्या तर कशालाच हात लावत नव्हत्या.

आत्यांचं सांगायला हवं. पूर्वी ही बाई क्षणभर रिकामी बसायची नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा धाक होता तो त्यांच्या पितळेच्या भांड्यांमुळे. हंडे, घागर, कळश्या, मोठी परात. दर आठवड्याला चिंच लावून घासायच्या आणि उन्हात पालथ्या मांडायच्या. मी घासलेली कळशी त्या पुन्हा घासायच्या, माझ्यासमोर, न बोलता. मी चिडायचे. रात्री त्याच्याजवळ तक्रार करायचे तर तो म्हणायचा, "तिचं प्रमाणपत्र मला बी अजून मिळालं न्हाय." तो गेल्यापासून त्या उंबऱ्याजवळ बसून असायच्या. जेवायला बोलावलं की जेवायच्या. भांडी काळी पडत गेली. आधी तपकिरी, मग हिरवट डाग, मग नुसती काळी. मी घासली नाहीत. म्हटलं, घासून पुन्हा कोण घासणार?

आबा दुपारी काम करायचे. मी शाळेतून आल्यावर मला बोलवायचे, कारण माझी बोटं बारीक. रॉकेलच्या वाटीत भिजवलेले भाग जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासायचे. जेटचं भोक साफ करायला आबांनी स्टोव्हची पिन काढली. "स्टोव आन ह्यो भाऊभाऊच," ते म्हणाले. "त्येला बी वारं आन राकेल लागतंय. तू स्टोवला पिन मारतीस तशीच मार, जास्ती दाबू नगं." मी मारली. उजेडाकडे धरलं की भोकातून आभाळाचा ठिपका दिसायचा. आबा तो मन लावून बघायचे, मग मला बघायला द्यायचे. मी बघायचे. ठिपका असायचा.

तसे दिवस गेले. हातांना रॉकेलचा वास राहायचा, तो वर्गात मुलांना यायचा. त्या कामातून मला समाधान मिळत होतं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नव्हतं. फक्त एक होतं. त्या वेळेत कोणी माझ्या तोंडाकडे बघत नसायचं. दोघंही खाली बघायचो.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर आबा सोप्याच्या मधोमध उभे. हात दोन्ही बाजूंना लोंबत सोडलेले. चादर झटकून घडी करून ठेवली होती. अंगणात उन्हात स्टीलचं ताट होतं आणि ताटात सगळा कार्बोरेटर, ढीग करून, लखलखीत. पितळेचे जेट नव्या मण्यांसारखे. बाहेरचं धड मात्र पितळेचं नव्हतं. त्यावर पावडर फासल्यासारखे पांढरे डाग आले होते. शेजारी दगडावर भिजवलेल्या चिंचेचा चोथा आणि काथ्या. आत्या उंबऱ्याजवळ आपल्या जागी. हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली.

आबा झोपले असताना आत्यांनी हे केलं होतं. ओळ मोडली होती. कुठला स्क्रू आधी, कुठली स्प्रिंग नंतर, सगळं गेलं. या माणसानं रेल्वेत असताना चुकीच्या खुंटीवर कंदील टांगला म्हणून एका पोराला दिवसभर बोल लावले होते, हे मी ऐकून होते. मी वाट पाहिली. खरं सांगते, मला भांडण हवं होतं. त्या घरात आवाज होऊन बरेच महिने झाले होते.

आबा ताटाजवळ बसले. एक जेट उचलला, फिरवून पाहिला. म्हणाले, "चांगलं घासलंय."

आत्यांनी सुरकुतलेली बोटं पदरात घेतली.

मग तुटक्या कार्बोरेटरशी ताडून ताडून आम्ही तो पुन्हा जुळवला. ओळ नव्हती, म्हणून वेळ लागला. इंजिनाला बसवला. आबांनी भिगवणहून बाटलीत पेट्रोल आणून त्यात ऑइल मिसळलं. चोक ओढला, किक मारली. गाडी सुरू झाली! निळा धूर गोठाभर झाला, म्हैस दावणीला हिसके देऊ लागली. आबांनी रेस सोडली आणि गाडी बंद.

पुन्हा किक. रेस धरली की चालायची, सोडली की मरायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. तिचं मन चांगलं, फक्त तोंड उघडं. ती म्हणाली, "आबा, लिंबू उतरून टाका गाडीवरनं. मालकाची नजर घुटमळत आसंल." आबा किक मारता मारता थांबले. "प्लगला करंट हाय, पेट्रोल येतंय," ते म्हणाले, "मग नजर शिरली कुठनं? आन माझ्या पोराची नजर मला वाईट कशी लागंल?" ती बाई आत गेली. आबांनी नंतर बराच वेळ किक मारली नाही. नुसते स्टँडवरच्या गाडीवर बसून राहिले.

रविवारी दादा येणार होता. आला की म्हणणार, बास झालं, दुसऱ्यानं भंगारात टाकलेला तुकडा घासून कुठं गाडी चालते का? आणि मी अर्जावर सही करणार. मला ते इतकं सरळ दिसत होतं की मी कपडे कुठल्या बॅगेत भरायचे तेही ठरवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा करून आले तर आबा पुन्हा चादर अंथरून बसलेले. तळपाय सुजलेला, किक मारून मारून. मला संताप आला. त्या पायाचा, त्या गाडीचा, त्या माणसाच्या चिकाटीचा. मी म्हणाले, "पुरे करा आबा. बंद पडू दे. माणूस ऱ्हायला न्हाय, गाडी कशाला पायजे?"

आबांनी वर पाहिलं. रागावले नाहीत. "पंप दे जरा सायकलचा," म्हणाले.

मी पंप आणून आदळला. मग वाईट वाटलं, म्हणून बसले. त्यांनी धड धरलं, मी पंपाची नळी प्रत्येक भोकाला लावून हवा मारू लागले. मोठ्या भोकांतून हवा आरपार जात होती. कडेला एक बारीक वाट होती, गाडी नुसती उभी चालू असताना जिच्यातून पेट्रोल येतं ती. तिथं हवा अडली. मी चिडून जोरात दाबला. फुस् झालं आणि आबांच्या पांढऱ्या बंडीवर काहीतरी येऊन चिकटलं. मी ते नखानं उचललं. केसापेक्षा जाड, तपकिरी, ओलसर. हुंगलं. आंबट.

चिंचेची शीर होती.

आबांनाही कळलं. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. पण मी शिक्षिका. विचारल्याशिवाय राहवत नाही. शीर बोटावर घेऊन मी उंबऱ्याजवळ गेले. "आत्या, हे चिंचेनं कशापायी घासलं वं?"

त्यांनी माझ्या बोटाकडं पाहिलं. मग किती महिन्यांनी कोण जाणे, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"काळं दिसत हुतं," त्या म्हणाल्या. "त्येला मळकी गाडी न्हाय आवडायची."

एवढंच. मी तिथंच उभी राहिले. आम्ही त्याच्याबद्दल किती बोललो होतो, डॉक्टरांशी, साहेबांशी, पेन्शनच्या कारकुनाशी. पण त्याला काय आवडायचं, काय नाही, हे त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मला छातीत दुखलं, खरोखरचं, बरगडीखाली. तरी रडू नाही आलं. मी शीर अंगणात टाकली आणि परत जाऊन वाटीचे स्क्रू बसवले.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. आबांनी रेस सोडली. ती चालतच राहिली, एका सुरात. आबांनी स्क्रू किंचित मागं घेतला, ती अजून हळू झाली आणि तरी चालत राहिली. आत्या उठून गोठ्याच्या दारापर्यंत आल्या. आम्ही तिघं तो आवाज ऐकत उभे राहिलो. रोज संध्याकाळी तो हायवेवरून वळला की हाच आवाज ऐकून मी चहाचं आधण ठेवायचे.

आबांनी गाडी बंद केली, चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "लाइन क्लिअर," ते म्हणाले. मग घसा खाकरून, दुसरीकडं बघत, "आता अर्ज दे. माज्या पोराची बायकू हाईस. भावाच्या जीपमंदी बोचकं टाकून नेल्यागत जाऊ नगंस. सोताच्या गाडीवर जा. वाटलं तर ये भेटाया."

मी त्यांचा डाव इतके दिवस ओळखला होता म्हणत होते ना? हा होता डाव. सुजलेल्या पायानं हा माणूस मला जाता यावं म्हणून किका मारत होता.

रविवारी दादा आला. मी त्याच्यासमोर सही केली. तो खूश झाला. आबा त्याच्याशी उसाच्या तोडणीबद्दल बोलले. सगळं ठरल्यासारखं झालं आणि मला पुन्हा काही वाटेनासं झालं.

सोमवारी रजा टाकून मी इंदापूरला निघाले. अर्ज पर्समध्ये. पदर खोचून गाडी बाहेर काढली. मागं कोणी बसलेलं नाही, हे पाठीला कळत होतं. आबा फाटक धरून उभे होते. मी गिअर टाकणार तेवढ्यात आत्या लगबगीनं अंगणात आल्या. हातात रिकामी बरणी.

"येताना चिंच आन," त्या म्हणाल्या. "हुती तेवडी त्येलाच लागली."

आबा फाटकाच्या कडीकडं बघत राहिले. मी 'आणते' म्हणाले.

हायवेवर ट्रक अंगावर येत होते. मी कडेनं, हळू, पण न थांबता इंदापूरला पोचले. ऑफिस उघडायला वेळ होता. म्हटलं, तोवर चिंच घेऊन टाकू, नंतर विसरायची. बाजारात नवी चिंच नुकतीच आली होती. दुकानदारानं दोन पोत्यांकडं हात केला, एकात लालसर नवी, एकात काळी जुनी.

"कशाला पायजे बाई? आमटीला का भांड्याला?"

साधा प्रश्न. मी तोंड उघडलं आणि मला ते सगळे हंडे दिसले, ती घागर, त्या कळश्या, मोठी परात. भिंतीला लावून ठेवलेल्या, काळ्या. एवढं सगळं घासायचं आणि मग पुन्हा घासायचं. मी भर बाजारात, पोत्यापुढं उभी राहून रडायला लागले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, इतक्या महिन्यांचं. गिऱ्हाइकं बघायला लागली. दुकानदार बिचारा घाबरला, स्टूल पुढं केलं, तांब्या दिला.

मी पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"दोन्हीला," मी म्हणाले. "दोन्ही द्या. जास्त द्या."

चिंच गाडीच्या डिकीत भरली. ऑफिस उघडलं होतं, बाहेर लोक जमले होते. मी त्यांच्यासमोरून गाडी तशीच पुढं नेली, अर्ज पर्समध्येच.

घरी आले तर आत्यांनी भांडी अंगणात काढून मांडली होती. त्यांनी पुडी सोडली, मूठभर चिंच उजेडाकडे धरली आणि तोंड वाकडं केलं.

"मास्तरीण हाईस न्हवं? शिरा काडलेली बगून घ्यायची, यवडं कळंना तुला?"

मी म्हणाले, "पुढच्या वेळेला बघून आणते," आणि कळशी ओढून त्यांच्या शेजारी बसले.